मिरचीला वास नसतो

आमच्या ब्राह्मणपुरीच्या फाट्यावर माझा फोटो आयुष्यात एकदाच लागला, आणि तोही मी गाव सोडून चाललो म्हणून. धाकट्या भावाने शहाद्याहून फ्लेक्स छापून आणला होता. वर ठळक अक्षरांत 'आफ्रिका दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन', मधे मी, मागे एक विमान आणि एक सिंह. सिंह कशाला, असं विचारलं तर भाऊ म्हणाला, दुकानदाराकडे आफ्रिकेचं तेवढंच तयार होतं. खाली शुभेच्छुकांचे चेहरे. त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखत होतो. उरलेल्यांनी मला ओळखायचं नुकतंच ठरवलं असावं.

दौरा हा शब्द खरं तर पुढाऱ्यांचा. मी ठिबकच्या नळ्या अंथरायला चाललो होतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या शहादा तालुक्यात केळी-पपईच्या शेतांत हेच काम करता करता माझे केस पांढरे झाले, आणि त्याबद्दल कुणी कधी नारळसुद्धा दिला नाही. तेच काम टांझानियात करायचं ठरलं तेव्हा मात्र शाल आली, श्रीफळ आलं, आणि माजी सरपंचांनी माईकवर सांगितलं की आपला माणूस आता आफ्रिका हिरवी करणार. मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

माझ्याबरोबर येणार होते चाचा. चाचा म्हणजे नंदुरबारचे फिटर, माझ्यापेक्षा वयाने मोठे, आणि व्हॉल्व्हला कान लावून गळती सांगणारे. त्यांचं घर नंदुरबारच्या त्या टोकाला, जिथे मिरचीच्या पथाऱ्या सुरू होतात. बाजारात आलेली ओली लाल मिरची व्यापारी मोकळ्या रानात अंथरून वाळवतात, त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. चाचांची आई पथारीवर देठ खुडायची, आणि चाचा तिच्याशेजारी झोळीत झोपायचे. घरात ते हिंदी बोलतात, शेतकऱ्यांशी अहिराणी, आणि मला 'साहेब' अशी हाक मारून पुढच्याच शब्दाला 'तू'वर येतात.

फ्लेक्सखाली उभं राहून त्यांनी बराच वेळ निरखलं. "साहेब, बोर्डवर तू भलता गोरा दिखी ऱ्हायना. एअरपोर्टवर वळखतीन का तुले?"

बेत साधा होता. एका मोठ्या मळ्यावर पपईची नवी लागवड व्हायची होती. आम्ही जायचं, आमच्या आधी समुद्रमार्गे निघालेला नळ्यांचा कंटेनर उघडायचा, नळ्या अंथरायच्या, पाणी सोडायचं, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत परतायचं. बायकोचा आग्रह तेवढाच होता. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदारसुद्धा आखाजीला साल संपून मोकळा होतो, असं ती म्हणाली.

तिथे पोचलो तेव्हा आफ्रिका आधीच हिरवी होती. बंदरापासून दिवसभर बसने गेलो आणि खिडकीबाहेरचं हिरवं संपेना. माजी सरपंचांना फोटो पाठवावा असं मनात आलं, पण माणूस चांगला आहे, उगाच खट्टू झाला असता.

मळा पूर्वी घायपाताचा होता. दोर वळण्याचा कारखाना बंद पडून गंजला होता, पण त्याच्यामागचं सिमेंटचं भलंमोठं खळं शाबूत होतं. मळ्याचे व्यवस्थापक त्याच भागातले गृहस्थ, भर उन्हात टाय लावणारे, स्वभावाने गोड आणि समारंभाचे फार हौशी. त्यांनी आम्हाला हार घातले, आणि मग सांगितलं की कंटेनर बंदरात अडकला आहे. कुठलासा एक कागद कमी होता. कागद आला की कंटेनर सुटेल. कागद कधी येईल, हे कुणाला माहीत नव्हतं.

मी प्रवासवर्णनं बरीच वाचली आहेत. त्यांत असं काही झालं की लेखक लगेच सूर्यास्ताकडे पाहतो आणि त्याला जीवनाचा अर्थ कळतो. मला फक्त राग आला. चाचा खाटेवर बसून तपकिरीची डबी उघडत म्हणाले, "नळ्या नहीत ते आपन अठे काय करानं? सिंह देखाना?"

आमची राहायची सोय एका विधवा बाईच्या घरी केली होती. तिथे मोठ्या बाईला सगळे 'मामा' म्हणतात. चाचांना ते काही केल्या जमेना, म्हणून आम्ही तिला मावशी म्हणू लागलो आणि तिने ते मान्य केलं. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. तिच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, 'पोले'. तुम्ही ठेचकाळलात, पोले. शिंकलात, पोले. ओझं घेऊन नुसते समोरून गेलात, तरी पोले. त्यात माफी नसते आणि उपदेशही नसतो. तुम्हाला त्रास होतोय आणि तो मला दिसला, एवढंच. कंटेनर अडकल्याचं कळल्यावर ती आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली, "पोले." त्या दिवशी कानांवर पडलेल्या सगळ्या बोलण्यात तेवढंच ऐकण्यासारखं होतं.

मावशी आणि तिच्यासारख्या काही बायका मिळून ओढ्याकाठच्या पट्ट्यात मिरची लावत. जमीन मळ्याची, कष्ट यांचे. आठवड्याला शहरातून एक ट्रक येई आणि ओली मिरची घेऊन जाई. त्या वर्षी वाटेतला पूल खचला आणि ट्रक यायचा थांबला. मिरची मात्र पिकायची थांबली नाही. बायकांनी ती तोडून गोण्यांत भरली आणि गोण्या कारखान्याच्या पडवीत रचून ठेवल्या, पूल होईल, ट्रक येईल, या आशेवर.

व्यवस्थापकांनी हे सगळं मला नकाशावर बोट ठेवून समजावलं. ओढ्याकाठचा पट्टा मळ्यातली सगळ्यांत चांगली जमीन. या हंगामात मिरची विकली गेली नाही तर बायका पट्टा सोडणार, तसं त्यांनीच कबूल केलं होतं, कारण पुढच्या लागवडीचं बियाणं-खत त्यातूनच यायचं. मग तिथे पपई लागणार. आमच्या नकाशावर तिथे पपई आधीच लागलेली होती. नळ्यांच्या रेघा सरळ, सुंदर, ओढ्यापर्यंत गेलेल्या. तो नकाशा मीच शहाद्याला बसून काढला होता. तेव्हा तिथे कुणी काही पिकवतं हे मला माहीत नव्हतं. नकाशावर फक्त उतार दिसतो.

त्या संध्याकाळी आम्ही सहज फिरत पडवीत गेलो. चाचांनी एका गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"भो, हात घाल."

मी हात घातला. आत ऊब होती, उबवायला ठेवलेल्या अंड्यासारखी.

"तपी ऱ्हायनी," चाचा म्हणाले. "आशीच पडी ऱ्हायनी ते खत व्हई जाई."

मावशीला आम्ही हातवारे करून सांगितलं. तिने हातवारे करूनच विचारलं, मग काय करू? ओली मिरची ट्रकला द्यायची, एवढंच त्यांना माहीत होतं. घरापुरती मूठभर पत्र्यावर टाकून वाळवत, पण एवढा ढीग वाळवता येतो हे त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि मोठा पाऊस महिन्याभरावर आला होता.

मी चाचांकडे पाहिलं, चाचांनी माझ्याकडे. समोर कारखान्यामागचं ते सिमेंटचं खळं होतं, स्वच्छ, उन्हात तापलेलं, चहूबाजूंनी वारा. नंदुरबारच्या कुठल्याही व्यापाऱ्याने ते पाहून हात जोडले असते.

दुसऱ्या सकाळपासून पथारी सुरू झाली. गोण्या ओतल्या. सडकी मिरची बाजूला, रंग उडालेली फटकी वेगळी, उरलेली पातळ अंथरायची. ऊन चढलं की दाताळ्याने उलटायची, संध्याकाळी गोळा करून ताडपत्रीखाली झाकायची, म्हणजे दव बसत नाही. चाचा खळ्याच्या कडेला बसून आईच्या आवाजात ओरडायचे. आवाज आईचा आहे हे मला त्यांनीच सांगितलं. बायकांना अहिराणी कळत नव्हती आणि चाचांना स्वाहिली, पण मिरची कशी उलटायची याबद्दल दोन्ही बाजूंचं भांडण जोरात चालायचं आणि दोघांनाही सगळं समजायचं. त्यांच्या भाषेत मिरचीला पिलीपिली म्हणतात. चाचांना तो शब्द इतका आवडला की ते दिवसभर विनाकारण म्हणायचे.

मी एक नियम घालून दिला, आणि तो हातवारे करून, नाटक करून, मावशीच्या डोक्यात पक्का बसवला. ऊन डोक्यावर आलं की उलटायची. काहीही होवो, कुणीही येवो, उलटायची.

ते दिवस मला फार चांगले आठवतात. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच मी असं काम करत होतो ज्याचा अहवाल कुणाला द्यायचा नव्हता. सकाळी मावशी लाकडाच्या चुलीवर चहा करायची, आल्याचा, आमच्यासारखाच. मग खळं. दुपारी मक्याचा घट्ट गोळा आणि भाजी. चाचा पहिल्या दिवशी त्या गोळ्याकडे बघून म्हणाले होते, "हाई ते भाकरनं पीठ शे, भाजानं इसरी गयी." आठवड्याभरात ते दुसऱ्यांदा मागून घेऊ लागले. मिरची लाल व्हायची, मग गडद लाल, मग हातात घेऊन हलवली की आत बी वाजू लागायचं. ते वाजलं की चाचा कानाशी धरून मावशीला ऐकवायचे. ती ऐकून मान डोलवायची, जणू गाणं आहे.

आणि मग समारंभ आला.

व्यवस्थापकांनी ठिबक योजनेच्या उद्घाटनाची तारीख आधीच ठरवून ठेवली होती. कंटेनर आला नाही म्हणून प्रमुख पाहुण्यांना नाही म्हणायचं, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. "नमुन्यापुरती नळी तर तुमच्या बॅगेत आहे ना?" त्यांनी विचारलं. होती. मग पडद्यामागे स्टुलावर पाण्याचा पिंप ठेवायचा, त्याला ती नळी जोडायची, पुढे कुंडीत पपईचं रोप ठेवायचं, पाहुण्यांनी व्हॉल्व्ह फिरवायचा, थेंब पडला की टाळ्या. असं उद्घाटन मी आमच्या तालुक्यात पाहिलं होतं, त्यामुळे मला धक्का बसला नाही. घरची आठवण आली.

अडचण एकच होती. मांडव घालायला जागा खळ्यावरच होती.

"मिरची उचला," व्यवस्थापक म्हणाले.

मिरची अजून दोन-तीन उन्हं मागत होती. आता गोण्यांत भरली असती तर आतून पुन्हा ओलावली असती आणि एवढ्या दिवसांची मेहनत काळी पडली असती.  मावशी खळ्याच्या कडेला उभी राहून पदर कमरेला घट्ट करत राहिली. पदर म्हणजे तिचं ते रंगीत फडकं, पण मला ते पदरासारखंच दिसलं. मी व्यवस्थापकांना म्हटलं, खळं मोठं आहे. मांडव या टोकाला घाला, मिरची त्या टोकाला राहू द्या. मधे कनात लावू, दिसणारही नाही.

ते विचारात पडले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो अगदी रास्त होता. "वास येणार नाही ना?"

मी थांबलो. नाक वर करून दीर्घ श्वास घेतला. खरोखर घेतला, फसवाफसवी नव्हती. मग खात्रीसाठी चाचांना विचारलं, "चाचा, तुले वास येस का?"

चाचांनी डोळे मिटून श्वास घेतला. त्यांचं नाक तपकिरीवर पोसलेलं, त्याआधी पथारीवर. "नही बा," ते म्हणाले. "माले ते काहीच नही ई ऱ्हायना. मिरचीले कसाना वास?"

मी व्यवस्थापकांना इंग्रजीत, जबाबदारीने, सांगितलं की मिरचीला वास नसतो.

नंदुरबारबाहेरच्या वाचकासाठी हे जरा उलगडून सांगायला हवं. हिवाळ्यात नंदुरबार स्टेशनवर उतरणारा परगावचा माणूस आधी शिंकतो आणि मग रिक्षा विचारतो. बदलून आलेले अधिकारी पहिला हंगाम रुमालातून बोलतात. आम्ही त्यांना हसतो. आमच्या लेखी हवा अशीच असते. माशाला पाणी ओलं लागत नसावं, तसंच काहीसं. आम्ही दोघांनी अगदी प्रामाणिकपणे साक्ष दिली, आणि ती साफ चुकीची होती.

शिवाय मांडव कुठे घालायचा ते मीच सुचवलं होतं. वारा मिरचीला चांगला लागावा म्हणून मिरची वाऱ्याच्या तोंडाशी ठेवली. त्या वाऱ्याला पुढे कुठेतरी जायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

उद्घाटनाची सकाळ शांत होती. पान हलत नव्हतं. मांडव सुंदर दिसत होता. खुर्च्यांना पांढरी कव्हरं, पुढच्या रांगेत सोफे, प्रत्येक सोफ्यापुढे प्लास्टिकची फुलं. खुर्च्यांच्या रांगांवरून माणसाची किंमत कळावी ही सोय तिथेही आहे हे पाहून मला बरं वाटलं. प्रमुख पाहुणे उशिरा आले, तेही ओळखीचं वाटलं. स्वागत झालं, स्वागताला उत्तर झालं. उत्तराचे आभार मानून होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

पाहुणे भाषणाला उभे राहिले. त्यांनी कागद काढले. कागद जाड होते.

कनातीपलीकडे मावशीने सूर्याकडे पाहिलं असणार. ऊन डोक्यावर आलं की उलटायची, कुणीही येवो. ती आणि तिच्या बायका दाताळी घेऊन मिरचीत शिरल्या. कडकडीत वाळलेली मिरची, तिच्यावरची बारीक धूळ, आणि नेमका त्याच वेळी सुटलेला दुपारचा वारा.

पाहुण्यांनी 'बंधूंनो' पर्यंत मजल मारली. मग ते थांबले. घसा साफ केला. पुन्हा 'बंधूंनो' म्हणाले आणि त्यांना असा ठसका लागला की माईकसुद्धा कुंई करून ओरडला. पहिल्या रांगेत कुणीतरी शिंकलं. मग दुसऱ्या रांगेत. मग सगळा मांडव शिंकू लागला, आधी सभ्यपणे, रुमाल धरून, आणि मग मोकळेपणाने. बँडवाल्यांनी भाषण संपलं असं समजून वाजवायला सुरुवात केली, पण तुतारीवाल्याच्या छातीत हवा राहीना.

चाचा माझ्याशेजारी बसले होते. त्यांनी चिंतेने चौफेर पाहिलं. "या लोकसले एकदम सर्दी कसानी व्हयनी रे?"

मला कळायला आणखी थोडा वेळ लागला. खरं सांगतो, मला वास येतच नव्हता.

पाहुण्यांनी जाड कागद खिशात घातले, डोळे पुसत व्हॉल्व्ह फिरवला, कुंडीत एक थेंब पडला, आणि ते गाडीत बसून गेले. एवढं आटोपशीर उद्घाटन मी आजवर पाहिलेलं नाही. कनातीतून मावशी बाहेर आली. एवढ्या मोठ्या माणसांचे डोळे वाहताना पाहून ती कळवळली आणि प्रत्येकासमोर जाऊन म्हणू लागली, "पोले. पोले. पोले." हातात दाताळं तसंच होतं.

व्यवस्थापक माझ्याकडे आले. त्यांचे डोळे लाल होते. "तुम्ही म्हणाला होतात वास येत नाही."

"मला नाही येत," मी म्हटलं. याहून खरं आणि याहून निरुपयोगी वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन.

ते पुढे काही बोलणार तेवढ्यात माझं लक्ष दुसऱ्या रांगेकडे गेलं. सगळे मांडवाच्या एका बाजूने पळत असताना एक वयस्क गृहस्थ उलट्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडाशी चालले होते. जवळच्या शहरातले मसाल्याचे व्यापारी, आजोबा काठेवाडातून आलेले, प्रतिष्ठित म्हणून बोलावलेले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ते कनात बाजूला सारून आत गेले. मी मागे धावलो. ते मिरचीच्या कडेला उकिडवे बसले होते. त्यांनी एक मिरची उचलली, कानाशी हलवली, मोडली, आतून हुंगली आणि दणदणीत शिंकले. मग तोंडावरून रुमाल फिरवून विचारलं, "आ मरचां कोनां छे?"

माझं आजोळ नवापूरचं. रस्ता ओलांडला की गुजरात, त्यामुळे गुजराती मला शाळेत जायच्या आधीपासून येते. मी मावशीकडे बोट दाखवून म्हटलं, "आ बेननां."

व्यापारी मावशीकडे वळले. स्वाहिली त्यांची जन्माची भाषा, त्यामुळे तिथून पुढे माझी गरज उरली नाही. ते काहीतरी म्हणाले. मावशी आतापर्यंत सगळ्या शिंकणाऱ्यांना पोले म्हणत आली होती. या माणसाला ती पोले म्हणाली नाही. दाताळं जमिनीवर टेकवून तिने सरळ भाव सांगितला. व्यापाऱ्यांनी भाव ऐकला आणि त्यांना पुन्हा शिंक आली. ती मिरचीमुळे होती की भावामुळे, मला कळलं नाही. घासाघीस बरीच चालली. बायका मावशीमागे येऊन उभ्या राहिल्या, चाचा त्यांच्याही मागे. शेवटी व्यापाऱ्यांनी मूठभर मिरची स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकली, आणि मागच्या एका बाईने आनंदाने अशी किंकाळी फोडली की मला वाटलं साप निघाला. सौदा झाला होता. पूल होईपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. वाळलेली मिरची हलकी, त्यांचा टेम्पो लांबच्या रस्त्याने येऊन घेऊन जाणार होता.

चाचा माझ्या कानाशी आले. "साहेब, मन्ही माय आज इकडे पाहिजे व्हती." त्यांचेही डोळे ओले होते. मिरचीने तर नव्हते.

व्यवस्थापकांचा राग मला वाटला तेवढा टिकला नाही, आणि त्याचं श्रेय तिथल्या एका वर्तमानपत्राला. त्यात समारंभाचा फोटो आला. सगळी पहिली रांग रुमालाने डोळे टिपते आहे. खालची ओळ व्यवस्थापकांनी मला इंग्रजी करून वाचून दाखवली, की उद्घाटनप्रसंगी मान्यवरांना भावना आवरता आल्या नाहीत. ते कात्रण त्यांनी चौकटीत बसवून कचेरीत लावलं. अजून असेल.

पट्टा बायकांकडेच राहिला. मावशीने ते सांगितलं तेव्हा व्यवस्थापकांनी खांदे उडवले आणि मला नकाशा बदलायला सांगितलं. ओढ्यापर्यंत गेलेल्या त्या सरळ रेघा मी पुसल्या आणि मुख्य पाइप पट्ट्याला वळसा घालून नेला. माझ्या आजवरच्या कामातला तेवढाच एक वाकडा नकाशा. तोच मी जपून ठेवला आहे. सरळ नकाशे कोण जपतं?

कंटेनर आला तो पाऊस सुरू झाल्यावर. चिखलात नळ्या अंथरता येईनात, म्हणून पाऊस संपेपर्यंत थांबायचं ठरलं. आखाजी हुकली. बायको फोनवर म्हणाली, "तिकडे साल वाढवून दिलं वाटतं." गावाकडे पावसाळा लागल्यावर तिचाच पुन्हा फोन आला. फाट्यावरचा फ्लेक्स भावाने उतरवून कडब्याच्या गंजीवर टाकला होता. "तुमच्यावर धो धो पाणी पडतंय," ती म्हणाली, "आणि खाली कडबा कोरडा आहे. घराला काहीतरी उपयोग झाला." मी सिंहाची चौकशी केली. त्याच्यावर विटा ठेवल्या होत्या.

पाऊस संपल्यावर नळ्या अंथरल्या, पाणी सोडलं, पपई लागली. उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, असं मी व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, विचारू नका. चाचांनी ते तुकडे जोडून मावशीच्या पट्ट्यातल्या मिरचीला पाणी दिलं. निघायच्या दिवशी तिने चहा दिला. बस हलली तेव्हा खिडकीतून एक पुडी आत टाकली. त्यात वाळलेली मिरची होती. चाचांनी एक काढून कानाशी हलवली आणि माझ्या कानाशी धरली.

बंदरातल्या ज्या कारकुनाने एका कागदासाठी तो कंटेनर अडवून धरला, त्याचं नाव मला ठाऊक नाही. तेव्हा मी त्याला मनात काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण कंटेनर वेळेवर आला असता तर मी माझा सरळ नकाशा जमिनीवर अंथरून, ओढ्याकाठच्या मिरचीवरून नळ्या नेऊन, आखाजीला घरी आलो असतो. पुन्हा सत्कार झाला असता, आणि आपण काय केलं हे मला कधी कळलंही नसतं. देवळात गेलो की हात जोडताना मी त्या कारकुनाचीही आठवण काढतो. त्याला काही मिळावं अशी इच्छा आहे. बढती नको, तिथेच बरा आहे.

आम्ही परतलो ते थंडीत. सुरतेहून गाडी नंदुरबारला लागली, दार उघडलं, आणि मी फलाटावर पाय ठेवला. पथाऱ्यांचा हंगाम ऐन भरात होता. पहिला श्वास घेतला आणि घशात काटा रुतल्यासारखं झालं. मी खोकलो. मग शिंकलो. बॅग खाली ठेवली आणि खांबाला धरून शिंकतच राहिलो. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या जिल्ह्याचा वास आला होता. तिखट, उग्र, आणि विश्वास बसणार नाही इतका मोठा. हा एवढा वास इतकी वर्षं माझ्या नाकात असून नसल्यासारखा होता.

चाचा शांतपणे उभे होते. तपकिरीच्या नाकाला काही झालं नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला, मावशीला लावला आणि कॅमेरा माझ्याकडे धरला. पलीकडे तिचा चेहरा दिसला, मागे लाल खळं. या हंगामाची मिरची अंथरली होती, या वेळी मांडवाशिवाय. तिने मला पाहिलं, वाकलेला, नाक लाल, डोळे वाहणारे. क्षणभर तिला कळलं नाही. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती म्हणाली, "पोले, पोले."

तिच्यामागून बायकांचा आवाज आला. कुणीतरी तिला हाक मारत होतं. ऊन डोक्यावर आलं असणार. ती फोन तसाच सोडून दाताळं घ्यायला गेली, आणि बराच वेळ आम्हाला नुसतं आकाश दिसत राहिलं आणि मिरची उलटल्याचा खळखळ आवाज येत राहिला.

चाचांनी फोन बंद करून माझी बॅग उचलली. मला पुन्हा एक शिंक आली.

"साहेब," ते म्हणाले, "आते तू पावना व्हयना. चाल, रिक्षा इचार."